गावाकडच्या पोरांचं हृदय: एक वही, एक सुतळी आणि दुखरा घसा

"बाई, हार्टचा आजार आमच्यात कुठला? ते पुण्या-मुंबईकडचं." पालकसभेत हा विषय काढला की मागनं कुणीतरी हे म्हणतंच. एखादी आजी त्यावर शिक्का मारते, "आमची पोरं रानातली. त्यास्नी काय हुतंय?"

मी सांगली जिल्ह्यात, विटा-आटपाडीच्या बाजूला जिल्हा परिषदेच्या शाळांवर २२ वर्षं शिकवतेय. मी डॉक्टर नाही. पण पोरांची उंची-वजनं मीच घेते, पळताना मध्येच कोण खाली बसतं ते मला दिसतं, आणि मधल्या सुट्टीत कुणाच्या हातात भाकरी, कुणाच्या हातात पाच रुपयांची वेफरची पुडी तेही. त्या आजींना उत्तर द्यायचं म्हणून वाचायला आणि डॉक्टरांना विचारायला लागले. त्यातून जे कळलं ते पालक, अंगणवाडीताई आणि माझ्यासारख्या शिक्षकांसाठी इथे लिहितेय. निदान डॉक्टरच करणार. आपलं काम पोराला वेळेत त्यांच्यापुढे नेऊन बसवायचं.

शहर-खेड्याचं म्हणाल तर अमेरिकेतलं बोगालुसा हे लाकूड आणि कागद गिरणीच्या जिवावर वसलेलं छोटं गाव. १९७० च्या दशकात डॉ. जेराल्ड बेरेन्सन यांनी तिथल्या शाळकरी पोरांचं वजन, बीपी, कोलेस्टेरॉल मोजायला घेतलं आणि ती मोठी झाली तरी मोजत राहिले. त्या भागात अपघाताने किंवा इतर कारणाने अकाली गेलेल्या, २ ते ३९ वयाच्या २०४ जणांच्या रक्तवाहिन्याही तपासल्या गेल्या. लहान वयातच आत चरबीचे पट्टे धरायला लागलेले होते. ज्यांचं वजन, बीपी, कोलेस्टेरॉल जास्त, त्यांच्यात ते पट्टेही जास्त. १९९८ साली हे छापून आलं. म्हणजे अटॅक पन्नाशीत आला तरी त्याची पेरणी शाळेच्या वयातच झालेली असते.

आपल्याकडे ही एवढीच गोष्ट नाही. बोगालुसातल्या पोरांना धोका होता तो खाण्यापिण्याचा. आमच्याकडे तो आहेच, आणि शिवाय अंगावर काढलेला घसा, कमी वजनाचा जन्म, चुलीचा धूर, न ओळखलेलं हृदयातलं भोक हे जुनं दुखणंही गेलेलं नाही. दोन्ही एकाच घरात असतात, कधी एकाच पोरात. म्हणून "बारीक आहे म्हणजे ठीक आहे" आणि "गुबगुबीत आहे म्हणजे खात्यापित्या घरचं आहे" ही दोन्ही वाक्यं आधी डोक्यातून काढा.

एक दोनशे पानी वही घ्या. एका पोराला एक पान. आता ते पान भरू.

पहिल्या चार ओळी: घराण्याच्या

आई-वडील, दोन्हीकडचे आजी-आजोबा, काका, मामा, आत्या, मावशी. यांत कुणाला अटॅक आला का, आणि कितव्या वर्षी? पुरुषाला ५५ च्या आत किंवा बाईला ६५ च्या आत आला असेल तर खाली रेघ ओढा. कुणी तरुणपणी "झोपेतच गेला", "पळता पळता पडला" असं सांगितलं तर दोन रेघा. अशा घरातल्या पोराला, ते कितीही हडकुळं असलं तरी, कोलेस्टेरॉलची तपासणी डॉक्टरांना विचारून लवकर करायची. घराण्यात काही नसलं तरी ९ ते ११ वर्षांच्या दरम्यान एकदा ती करावी, असं बालरोगतज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनांत आहे.

मुलांसाठी एकूण कोलेस्टेरॉल १७० च्या आत चांगलं, २०० च्या पुढे जास्त. एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल ११० च्या आत हवं, १३० पासून पुढे जास्त. ते १९० च्याही वर गेलं तर आनुवंशिक आजाराची शंका घेतात. हा आजार वाटतो तेवढा दुर्मीळ नाही, साधारण २५० ते ३०० माणसांत एकाला असतो. कोपर, गुडघा, टाचेमागची शीर इथे पिवळट गाठी दिसल्या तर "चामखीळ असंल" म्हणून सोडू नका.

इथे एक नाजूक प्रश्न येतो. मामाच्या पोरीशी, आत्याच्या पोराशी लग्न ही आमच्याकडची जुनी रीत आहे. मी तिच्यावर भाषण देत नाही, देऊन उपयोगही झालेला नाही. पण नात्यातल्या लग्नात आनुवंशिक दोष दोन्हीकडून येण्याची शक्यता वाढते, आणि जन्मजात हृदयदोषाचीही. म्हणून वहीत तसं स्पष्ट लिहा आणि डॉक्टरांनी विचारायच्या आधीच त्यांना सांगा.

जन्माचं वजन

लसीकरणाच्या कार्डावर असतं. अडीच किलोच्या आत असेल तर गोल करा. पुण्याजवळच्या खेड्यांत १९९३ पासून डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या सहकाऱ्यांनी गरोदर बायांचा आणि त्यांच्या मुलांचा पिढीभर अभ्यास केला. त्यांना दिसलं की आपली बाळं वजनाने हलकी जन्मतात, हाडामांसाने कमी असतात, पण चरबी त्या मानाने राखून असतात. दिसायला काडी, आतून चरबी. असं बाळ पुढे शाळेच्या वयात झपाट्याने जाड झालं तर साखर आणि बीपीचा धोका जास्त. म्हणून "बारकं जन्मलंय, भरवा" म्हणत बिस्किटं आणि साखर-तूप कोंबणं हा उपाय नव्हे. त्याला डाळ, उसळ, अंडं, दूध लागतं.

त्याच अभ्यासात बी-१२ या जीवनसत्त्वाची कमतरताही पुढे आली. माळकरी घरांत अंडी-मटण नसतं, तिथे दूध-ताकावरच भिस्त. गरोदर सुनेच्या वाटचं दूध डेअरीला जात असेल तर तो हिशेब एकदा पुन्हा करा.

सुतळी

पोराला अनवाणी भिंतीला टेकवून उभं करा. टाचेपासून डोक्यापर्यंत सुतळी मापून कापा. ती बरोबर मधोमध दुमडा आणि बेंबीच्या पातळीवर पोटाभोवती गुंडाळा. श्वास सोडल्यावर, पोट आत न ओढता. दोन टोकं जुळली तर ठीक. जुळली नाहीत तर कमर उंचीच्या निम्म्याहून जास्त आहे, म्हणजे पोटावर चरबी साठतेय. सहा वर्षांवरच्या पोराला हे चालतं. कागद, तक्ता, गणित काही नको, आणि पोरांना यात मजा येते. फक्त सगळ्या वर्गासमोर करू नका. पहिल्या वर्षी मी केलं होतं. एका पोराला "टोक जुळंना" हे नाव वर्षभर पडलं, ते माझ्यामुळे.

उंची-वजनही लिहाच, पण मोठ्या माणसांचे बीएमआयचे, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचे, आकडे पोरांना लावू नका. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे ५ ते १८ वयाचे वेगळे तक्ते आहेत, डॉक्टर त्यावर बघून सांगतील. एका मापापेक्षा जून आणि जानेवारी अशा दोन मापांतला फरक जास्त बोलतो. सहा महिन्यांत उंची तेवढीच आणि वजन पाच किलोने वर, किंवा वजन जागचं हललंच नाही, दोन्हीची नोंद हवी.

बीपी

"पोराचं बीपी?" म्हणून लोक हसतात. तीन वर्षांनंतर वर्षातून एकदा बघायला हवं. उपकेंद्रात मोफत होतं. अडचण एकच, कफ, म्हणजे दंडाला बांधायचा पट्टा. मोठ्या माणसाचा कफ बारक्या दंडाला बांधला तर बीपी खोटं कमी दाखवतं, आणि जाड दंडाला लहान कफ बांधला तर खोटं जास्त. "मुलांचा कफ आहे का?" हा प्रश्न विचारायला लाजू नका.

पाच मिनिटं शांत बसवा, पाय जमिनीला टेकलेले, उजवा दंड हृदयाच्या पातळीवर. नुकतंच पळून आलेल्याचं घेऊ नका. नोंदीसाठी ढोबळ आकडे असे: ६ वर्षांना १०५/६६, ८ ला १०७/६९, १० ला १०८/७२, १२ ला ११३/७५, आणि १३ पासून पुढे १२०/८०. मुलगा-मुलगीत एखाद्या आकड्याचा फरक असतो. ही आजाराची रेघ नाही. वरचा किंवा खालचा, कुठलाही आकडा याच्याएवढा किंवा पुढे गेला तर डॉक्टरांनी उंचीप्रमाणे तक्ता बघायचा, एवढाच त्याचा अर्थ. एकदा जास्त आलं म्हणून घाबरायचं नाही, वेगवेगळ्या दिवशी तीनदा घ्यायचं. लहान मुलात खरंच जास्त निघालं तर डॉक्टर बहुधा आधी मूत्रपिंड तपासतात. सकाळी उठल्यावर डोळ्यांखाली सूज, लघवी चहासारखी लालसर, असं काही असेल तर आधीच सांगा.

घसा: इथे जास्त वेळ थांबू

वही सुरू केली ती या प्रकरणामुळे. एका वस्तीवरच्या शाळेत पाचवीत एक मुलगी होती. अक्षर मोत्यासारखं. दिवाळीनंतर ते बिघडलं. ओळ सोडून जायची, पेन हातातनं पडायचं, प्रार्थनेला उभी राहिली की हात उगाच हलायचे, तोंडाने वेडावल्यासारखं करायची. मी रागावले. घरी आईने ताट पाडलं म्हणून मारलं. महिन्याभराने जिना चढताना दम लागायला लागला तेव्हा तिला तालुक्याला नेलं, तिथून पुढे पाठवलं, टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झाली. हृदयाची झडप सुजली होती. उन्हाळ्याच्या शेवटी तिचा घसा दुखला होता, दोन दिवस ताप होता आणि तो आपोआप गेला होता. एवढंच मूळ.

ते घडतं असं. घशात स्ट्रेप्टोकॉकस नावाचे जंतू होतात. शरीर त्यांच्याशी लढतं आणि दोन-तीन आठवड्यांनी तीच लढाई चुकून स्वतःच्या सांध्यांवर आणि हृदयावर उलटते. याला संधिवाताचा ताप म्हणतात, इंग्रजी नाव रुमॅटिक फीव्हर. ५ ते १५ हे त्याचं आवडतं वय. एका खोलीत सात-आठ माणसं झोपतात तिथे हा घसा लवकर पसरतो. सांधे बरे होतात, झडप मात्र कायमची खराब होऊ शकते. हातांची ती हालचाल तर घशानंतर काही महिन्यांनीही येते, मुलींत जास्त. शिक्षकांनो, अक्षर अचानक बिघडलं तर छडीच्या आधी हे आठवा.

साधी सर्दी आणि हा घसा ओळखायचा कसा? नाक वाहतंय, खोकला आहे, आवाज बसलाय, तर बहुतेक वेळा साधा विषाणू. पण एकदम ताप, गिळताना दुखणं, जबड्याखाली दुखऱ्या गाठी आणि सर्दी-खोकला नाही, असं असेल तर दुसऱ्याच दिवशी पीएचसी, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र, गाठा. हळद-दूध द्या, गुळण्या करा, आमची सांगलीची हळद आहेच. पण ती या जंतूंच्या औषधाची जागा घेत नाही. पेनिसिलिन गटातलं औषध घसा दुखायला लागल्यापासून ९ दिवसांच्या आत सुरू झालं तरी हृदय वाचू शकतं. गोळ्या दिल्या असतील तर पूर्ण १० दिवस. तिसऱ्या दिवशी पोरगं खेळायला लागतं आणि उरलेली पाकिटं फळीवर जातात, इथेच घात होतो. पाकीट मी शाळेत ठेवून घेते आणि दुपारची गोळी माझ्यासमोर.

घशानंतर दोन-तीन आठवड्यांनी गुडघा सुजून दुखला, दोन दिवसांनी तो बरा होऊन घोटा धरला, मग मनगट, तर "वाढीचं दुखणं" म्हणू नका. सांधा बदलत फिरणारं दुखणं आणि सोबत ताप म्हणजे त्याच दिवशी डॉक्टर.

एकदा हा ताप येऊन गेला की पुढचं काम कंटाळवाणं आणि सगळ्यात महत्त्वाचं: दर २१ दिवसांनी बेंझाथिन पेनिसिलिनचं इंजेक्शन. झडपेला काही झालं नसेल तरी किमान पाच वर्षं किंवा १८ वर्षांचं होईपर्यंत, त्यातलं जे लांब असेल ते. झडप खराब असेल तर २५ वर्षांचं होईपर्यंत किंवा त्याही पुढे. किती वर्षं ते डॉक्टर ठरवतील. इंजेक्शन दुखतं, पोरगं रडतं, ऊसतोड आली, लग्न आलं, तारीख चुकते. प्रत्येक चुकलेली तारीख म्हणजे नव्या घशाला उघडं दार. तारखा पानावर आणि वर्गातल्या कॅलेंडरवर दोन्हीकडे लिहा. पेनिसिलिनची ॲलर्जी कधी झाली असेल तर ते पानाच्या वरच्या कोपऱ्यात लाल पेनाने. झडप खराब असलेल्या पोराचे दात किडू देऊ नका आणि दात काढायच्या आधी दाताच्या डॉक्टरांना हृदयाचं सांगा. किडक्या दातातले जंतू रक्तातून झडपेवर जाऊन बसतात.

जन्मजात भोक

हजार बाळांत साधारण ८-९ जणांना हृदयाचा काही ना काही दोष असतो. तान्हं दूध पिताना थांबून थांबून पितं, कपाळाला घाम सुटतो, श्वास भराभर चालतो, वजन धरत नाही, सारखा न्यूमोनिया होतो. ओठ-नखं निळी. मोठं पोरगं खेळता खेळता उकिडवं बसतं आणि मगच त्याला बरं वाटतं. पळताना छातीत दुखणं किंवा चक्कर येऊन पडणं याला "ऊन लागलं" म्हणायचं नाही. तपासणी होईपर्यंत त्याला स्पर्धेत उतरवू नका.

चहा, पुडी आणि खुराक

आमच्याकडचा खरा गोड पदार्थ पेढा नव्हे, चहा. पोरगं सकाळी चहा-खारी, शाळेतून आलं की चहा-बटर, रात्री आज्याबरोबर अर्धा कप. कपाला दोन चमचे साखर धरली आणि चमच्याला चार-पाच ग्रॅम, तर तीन कपांत २४ ते ३० ग्रॅम. मुलांना दिवसाला वरची साखर २५ ग्रॅमच्या आत असावी असं सांगतात. म्हणजे बिस्किट फोडायच्या आधीच कोटा संपला. "आम्ही गुळाचा करतो" हे उत्तर मला ऊसपट्ट्यात हमखास मिळतं. गूळही साखरच धरा. रसवंतीच्या एका ग्लासातही दिवसाची साखर उरकते. ऊस दाताने सोलून खाणं वेगळं, त्याला निदान कष्ट पडतात.

एका दिवसात चहा बंद होत नाही. आधी साखर निम्मी, मग दुपारचा कप बंद, तिथे ताक किंवा मूठभर भाजलेले शेंगदाणे. खारी-बटर-टोस्टात वनस्पती तूप असतं. त्यातलं ट्रान्स फॅट, म्हणजे हृदयाला वाईट चरबी, दोन टक्क्यांच्या आत असावं हा नियम २०२२ पासून आहे, पण गावच्या भट्टीत कोण मोजतं? वड्याचं तेल दिवसभर उकळत असेल तर तिथे जाऊच नका.

पुडीचं मीठ वाचायला पोरांनाच शिकवा, गणिताचा तास होतो. मागे "सोडियम" शोधायचं आणि अडीचने गुणायचं. १०० ग्रॅममागे ८०० मिलिग्रॅम असेल तर मीठ २ ग्रॅम. मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅम पुरे, पोरांना त्याहून कमी. घरचा ठेचा, लोणचं, पापड हेही याच हिशेबात. सांगलीचं भडंग घरी कमी मिठात केलं तर मी त्याच्या बाजूने आहे.

बाकी आमचं जुनं ताट चांगलंच आहे: ज्वारी-बाजरीची भाकरी, हुलगा, मटकी, मेथी, शेपू. त्यात अंडं घाला. त्याची किंमत पाच रुपयांच्या दीड-दोन पुड्यांएवढी.

तालमीतल्या पोरांबद्दल एक सांगते. थंडाई, बदाम, तूप, दोन लिटर दूध हा खुराक दिवसाला हजार बैठका मारणाऱ्याचा आहे. दहावीला ट्यूशन लागते, तालीम सुटते, खुराक मात्र चालू राहतो. आणि शरीर लवकर भरावं म्हणून कुणी इंजेक्शन किंवा बिननावाची पावडर देत असेल तर त्या वस्तादापासून पोरगं काढा. त्यातली काही थेट हृदयावर जातात.

मिश्री, बिडी, बंबाचा धूर

पोराचा दात दुखला की हिरडीला मिश्री चोळणाऱ्या आया मी पाहिल्या आहेत. ती भाजलेली तंबाखूच आहे. गरोदरपणात लावली तर बाळाचं वजन कमी होतं, आणि आपण पुन्हा दुसऱ्या नोंदीवर येतो. घरात बिडी ओढली की शेजारी झोपलेलं पोरगंही ती ओढतंच. शाळेपासून १०० यार्डांत, म्हणजे साधारण ९१ मीटरात, तंबाखू विकायला २००३ च्या कायद्याने बंदी आहे. १८ च्या आतल्या मुलाला तंबाखू दिली तर बाल न्याय कायद्यात ७ वर्षांपर्यंत कैद आहे. टपरीवाला आपलाच भावकीतला असतो, म्हणून तक्रारीच्या आधी हा कायदा त्याला वाचून दाखवा. माझ्या अनुभवात निम्मं काम तिथेच होतं. गॅस आला तरी अंघोळीचा बंब लाकडावरच पेटतो, तो निदान झोपायच्या खोलीपासून लांब हलवा.

मैदान

रोज तासभर, दम लागेल असं. मुलांना हे सांगावं लागत नाही, मोबाईल काढून घेतला की पुरे. प्रश्न मुलींचा. सातवी-आठवीत मुलगी शहाणी झाली की मैदान बंद, आणि नेमकं तेव्हाच वजन वाढायला लागतं. माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पळाली. तिचं नाव मी पालकसभेत दरवेळी घेते. पदकासाठी नव्हे, संध्याकाळचा खो-खो चालू राहावा म्हणून.

पान भरलं, आता कुठे जायचं

आरबीएसके म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक २०१३ पासून अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं, जन्मापासून १८ वर्षांपर्यंत. त्या दिवशी पोरगं घरी ठेवू नका, आणि डॉक्टरांसमोर वही उघडून रेघा मारलेली पानं आधी दाखवा. ४० पोरांच्या रांगेत त्यांना एकेकाला मोजकीच मिनिटं मिळतात, ती योग्य पोराला मिळू द्या. शंका निघाली तर पुढे जिल्ह्याला पाठवतात: साताऱ्याला क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय, इकडे सांगलीचं किंवा मिरजेचं सिव्हिल. इको आणि गरज पडली तर ऑपरेशनही या कार्यक्रमातून किंवा महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून मोफत होतं. रेशनकार्ड, पोराचं आधार, जन्मदाखला, लसीकरणाचं कार्ड आणि पथकाची चिठ्ठी एका पिशवीत ठेवा. जिल्ह्याला जाऊन "चिठ्ठी घरी राहिली" म्हणून परत आलेले दोन बाप मला माहीत आहेत. दोघांचा रोजगार बुडाला, आणि एकजण पुन्हा गेलाच नाही. अडलं तर १०४ वर फोन करा. पोरगं निळं पडलं, बेशुद्ध झालं तर थेट १०८.

राहिली ऊसतोड टोळ्यांची पोरं. ती दिवाळीच्या आसपास कारखान्याच्या फडावर येतात आणि उन्हाळ्यात निघून जातात. पथक येतं तेव्हा ती कुठल्याच पटावर नसतात, म्हणून त्यांची पानं मी वहीच्या मागच्या बाजूने सुरू केली. टोळी उठायच्या आदल्या दिवशी कोपीवर, म्हणजे त्यांच्या झोपडीवर, जाऊन पानाचा फोटो आईच्या मोबाईलवर टाकते, मोबाईल नसेल तर मुकादमाच्या. इंजेक्शनवरचं पोरगं असेल तर पुढची तारीख आणि त्यांच्या गावचं पीएचसी फोटोखाली लिहून देते, आणि त्या तारखेच्या संध्याकाळी फोन करते.